रंगारीकाकांच्या काखेतली गाठ

भिंतीवर रंगाचा फुगा दिसला की रंगारीकाकांचे हात शिवशिवायचे. पात्याने खरवडायचा, लांबी भरून खड्डा बुजवायचा, वरून रंगाचा हात मारायचा, विषय मिटला! म्हणून स्वतःच्या मनगटावर जांभळट, न दुखणारी गाठ आली, तेव्हा या बहाद्दराने तिच्यावरही पॉलिशपेपर घासला. गाठ म्हणजे काही भिंत नव्हे. बघता बघता ती सुपारीएवढी झाली.

"आता काय, लांबी भरताय तिच्यात?" असं म्हणत काकूंनी त्यांना दंडाला धरून इस्पितळात नेलं.

निघाला कातडीचा कॅन्सर, तोही दुर्मिळ जातीचा. कापून काढला, तर पठ्ठ्याने काखेत डोकं वर काढलं. काका पांढरेफटक पडले. पण डॉक्टरीणबाई मोठ्या बोलक्या.

"काका, रक्तात पहारेकरी पेशी असतात. ही गाठ लबाड. पहारेकरी आला की त्याचा हात धरून म्हणते, 'अहो, मी घरचीच!' तो बिचारा परत फिरतो. आमचं औषध तिला त्याचा हातच धरू देत नाही."

"म्हणजे बडवायचं काम आमच्याच गड्यांचं?"

"तुमच्याच!"

झालं! काकांना असं स्फुरण चढलं, की त्या औषधाची सलाईन लागली की ते स्वतःच्या दंडाकडे बघून "हाणा लेको!" म्हणत. शेजारचा पेशंट दचकायचा.

पुढे पाठीवर लाल चट्टे उठले आणि काकांचं धाबं दणाणलं. बाईंनी औषध बंद केलं तर? मग रंगाऱ्याचंच डोकं चाललं: डाग झाकायचा! ऐन उकाड्यात गळाबंद सदरा चढवून स्वारी तपासणीला हजर.

"थंडी वाजते हो."

"थंडी कसली डोंबलाची!" काकू कडाडल्या. "खाजवून खाजवून माझी नखं झिजली. दाखवा पाठ!"

बाईंनी डोळे वटारले. "असं लपवायचं नाही! खवळलेले पहारेकरी कधी घरच्यांवरही काठी उगारतात. फुप्फुसावर उगारली असती तर? एवढ्या चट्ट्यांना मलम पुरेल."

"आणि औषध?" काकांनी सदरा सावरत विचारलं.

"रक्त ठीक निघालं तर चालूच. हात वर करा."

बाईंनी काख चाचपली. पुन्हा चाचपली. मग हसत काकूंना जवळ बोलावलं. काकूंनी बोट लावलं. "अगं बाई! लिंबाएवढी होती, वाटाण्याएवढीही लागत नाही!"

"काका, हात खाली घ्या आता."

"राहू द्या हो," काका म्हणाले, "अजून एकदा बघा ना!"