खंडेनवमीचा पाना

झेंडू आणि डिझेलचा वास एकत्र आला की मला मिरजगावचा रस्ता आठवतो. लष्कराच्या लिलावातून मालकाने घेतलेल्या जुन्या ट्रकवर मी तेव्हा नवाच ड्रायव्हर होतो. दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी ऊसतोडीची माणसं, त्यांची भांडीकुंडी, कोंबड्या भरून आम्ही कारखान्याकडे निघालो, तर मिरजगावाजवळ इंजिनातून ठणठण आवाज सुरू झाला. शेजारी बसलेला मालक भडकला, "तू तर म्हनला गाडी ठीक हाय! आता इंजिन खोलायचं म्हंजी आठ दिस गेले. मग तूबी घरी बस." माणसं खाली उतरून माझ्याकडेच बघत होती. रस्त्याकडेच्या गॅरेजातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी फौजेत असलेच ट्रक सांभाळले होते. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "इंजिन ठणठणीत हाय," ते म्हणाले. मग खालून हात घालून त्यांनी काहीतरी काढलं आणि गुपचूप खिशात टाकलं. "पत्रा सैल हुता, मालक. जुनी गाडी हाय, चालायचंच." आवाज थांबला. मी गाडीत चढताना त्यांनी माझ्या हातात आमचाच पाना ठेवला. त्यावर हळदकुंकू तसंच होतं. खंडेनवमीला मीच तो इंजिनावर ठेवून पुजला होता आणि उचलायला विसरलो होतो. "पूजा झाली की हत्यार जाग्यावर ठेवावं, बाळा," ते कानाशी पुटपुटले. आज माझं स्वतःचं गॅरेज आहे. नव्या ड्रायव्हरची चूक हाताला लागली, की ती आधी माझ्या खिशात जाते.