चिमट्यातली तीन लिंबं

मुक्ते, इकडं ये बघू. खुर्ची अशी पुढं ओढ. मी कागदावर बोलतेय म्हणून तू लांबून ऐकायचंस असं काही नाही. मावसआजी कागदातूनही कान धरू शकते. परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की ख्रिसमस आला तशी तुझ्या कॅनडातल्या बिल्डिंगीतली माणसं, तो टपालवाला, ती जिने पुसणारी बाई, शुभेच्छांची कार्डं घेऊन दारोदार फिरायला लागली. आणि तू काय केलंस? पडदे ओढलेस, टीव्ही बंद केलास आणि सोफ्यामागं जाऊन बसलीस! एवढाल्या कंपन्यांना सल्ले देतेस, आणि टपालवाल्याला भिऊन सोफ्यामागं? "काय द्यायचं असतं, कसं द्यायचं असतं, कळतच नाही गं," म्हणालीस. न कळण्याला माझी ना नाही, पण सोफ्यामागं बसण्याला आहे. आणि हे मी हक्कानं बोलतेय, कारण तुझ्या वयाची असताना मी याहून वाईट करून बसले होते. ती गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तुझ्या आजीला, म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. ऐक.

माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते. आमचे हे मद्रासला रेल्वेत नकाशे काढायच्या नोकरीवर आधीच गेलेले, आणि घर मिळालं तसं मला न्यायला आले. कराडहून निघायचं होतं. टांगा दारात उभा. सामान बघशील तर गुळाची ढेप, ज्वारीचं पीठ, सुक्या मिरच्या, कांदा-लसूण मसाल्याचा डबा आणि आईनं शिवलेली गोधडी. आईनं लिंबू आणलं, माझ्यावरून तीनदा उतरवलं आणि टांग्याच्या चाकाखाली ठेवलं. घोडा हलला, लिंबू फचकन फुटलं, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला. मग टांग्याचा दांडा धरून चालत चालत तिनं दोन गोष्टी सांगितल्या. "परमुलूख आहे, बये. रस्त्यातलं लिंबू ओलांडू नको, आणि कुणी हातात दिलं तर धरू नको. आणि दारी आलेल्याला विन्मुख धाडू नको." एवढ्या दोन वाक्यांच्या शिदोरीवर मी निघाले. ही दोन वाक्यं एकाच सकाळी, एकाच उंबऱ्यावर एकमेकांना धडकतील हे आईला तरी कुठं माहीत होतं!

घर मद्रासातल्या पेरंबूरला. आमच्याआधी तिथं एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर आणि त्याची बायको राहायची. वीस वर्षं राहून दोघं ऑस्ट्रेलियाला कायमची निघून गेली. गल्लीत त्या बाईला 'दोरसानी' म्हणत, म्हणजे मडमीणबाई. दोरसानी गेली, पण माळ्यावर एक वस्तू विसरून गेली. मी माळा झाडायला चढले आणि बघते तर काय, कागदाची मोठी चांदणी! लाल, पाच टोकांची, आत दिवा लावायला जागा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आमची दिवाळी प्रवासाच्या धांदलीत कोरडी गेली होती, आणि सगळ्या मद्रासेत कुणाच्या दारावर आकाशकंदील म्हणून दिसला नव्हता. मी ह्यांना म्हटलं, "बघा, दोरसानी झाली तरी आकाशकंदील लावायची बिचारी." ह्यांनाही ते पटलं! नकाशे काढण्यात हुशार माणूस, पण चांदणीतलं काडीचं कळत नव्हतं. स्टुलावर चढून ह्यांनी ती व्हरांड्यात टांगली, आत दिवा सोडला. डिसेंबर अर्धा सरला होता. आम्ही दोघं खाली उभं राहून खूश.

आता तुला कळलं असेल, ती चांदणी नाताळची. आम्हाला नाही कळलं. सगळ्या गल्लीला मात्र कळलं, की नवं कुटुंबही ख्रिस्ती दिसतंय, बाई कासोटा घालते तरी हरकत नाही.

तोवर माझं तिथल्या माणसांशी छान जमलं होतं. तमिळचा एक शब्द येत नव्हता, पण जमलं होतं. गोविंद कोनार गाय घेऊनच दारात यायचा आणि माझ्यासमोर धार काढायचा. पाणी घातलं नाही हे दाखवायला आधी रिकामं भांडं पालथं करून दाखवायचा, जादूगारासारखं. झाडूवाली मुनियम्मा आमच्या फाटकापासून झाडायला सुरुवात करायची आणि माझ्या पायांतली जोडवी बघून रोज काहीतरी बोलून हसायची. आणि पोस्टमन आरोग्यसामी. तो लांबूनच "अम्मा, पोस्ट!" म्हणून ओरडायचा, आईचं पत्र हातात देऊन मी ते वाचेपर्यंत ताक पीत थांबायचा. माझा चेहरा हसला की मगच सायकलवर टांग टाकायचा. एक अक्षर न समजता तो माझ्या माहेरची सगळी खबर ठेवून होता.

तर पंचवीस तारखेला सकाळी हे न्हाणीत, डोक्याला साबण लावून बसलेले. दार वाजलं. उघडते तर तिघं एका ओळीत उभी. कोनार अंघोळ करून, कपाळाला गंध लावून. मुनियम्मा नवं पातळ नेसून, केसांत अबोली. आरोग्यसामी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. आणि तिघांनी उजवा हात माझ्यापुढं केलेला, डावा हात उजव्या कोपराला लावून. त्या तीन हातांवर काय असावं?

लिंबू. प्रत्येकाच्या हातात एकेक पिवळंधमक, गोल लिंबू.

मुक्ते, माझ्या पायांखालची जमीन सरकली. टांग्याचं चाक, ते फुटलेलं लिंबू, आईचा आवाज, सगळं एकदम. एकानं दिलं असतं तर म्हटलं असतं चूक झाली. इथं तिघांनी ठरवून करणी आणली होती! मी ओरडले, "अहो, बाहेर या!" न्हाणीतून उत्तर आलं, "डोळ्यांत साबण गेलाय!" मग मीच पदर खोचला. आत गेले, चुलीजवळचा चिमटा घेऊन आले, आणि एकेकाच्या तळहातावरून एकेक लिंबू चिमट्यात धरून उचललं. त्यांना वाटलं असणार ही यांच्याकडची रीत असेल, म्हणून तिघं हसून हात स्थिर धरून उभी राहिली. हसली गं ती! ती तिन्ही लिंबं मी त्यांच्यादेखत फाटकाबाहेर नेऊन गटारात टाकली. मागं न बघता परत आले, पायांवर पाणी ओतलं, दार लावलं. तेवढ्यावर राहिले असते तर एक वेळ चाललं असतं. पण मी मूठभर सुक्या मिरच्या घेतल्या, घरावरून ओवाळल्या आणि शेगडीत टाकल्या. आमच्या कराडच्या मिरच्या त्या! सगळी गल्ली खोकायला लागली. समोरच्या घरातले आजोबा खोकत खोकत रस्त्यावर आले. हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले, खोकले, शिंकले, आणि म्हणाले, "फोडणी जळली का?"

दुसऱ्या दिवसापासून गल्ली गप्प झाली. कोनार फाटकाबाहेरच धार काढायला लागला, भांडं पालथं करून दाखवणं बंद. मुनियम्मा शेजारच्या फाटकापर्यंत झाडायची, मग झाडू उचलायची आणि आमचं फाटक ओलांडून पुढं परत झाडू टेकवायची. आमच्यासमोर पाचोळ्याची एक चौकोनी चटई तयार झाली. आणि आरोग्यसामी दाराखालून पत्र सरकवून जायचा. हाक नाही, ताक नाही. मी दाराआड उभी राहून त्याच्या सायकलचा आवाज लांब जाताना ऐकायची आणि एकटीच पत्र वाचायची. आई विचारायची, "माणसं कशी आहेत?"

मी ठरवलं, इथं राहायचं नाही. पत्र लिहिलं, 'दादाला धाड, मी परत येते, इथली माणसं चांगली नाहीत.' ह्यांनी ते वाचलं, घडी घालून परत माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "संक्रांतीपर्यंत थांब. तरी वाटलं तर मी स्वतः पोचवीन." माझी बोळवण करायला तयार झालेल्या त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता. पत्र मी पिठाच्या डब्यामागं ठेवलं.

आमच्या घराची मालकीण अंबूबाई मागच्या अंगाला राहायची. म्हातारी, तंजावरकडची मराठी. त्यांची माणसं दहाबारा पिढ्यांमागं तिकडं गेलेली. तिची मराठी जुन्या पोथीतली आणि चाल तमिळ. ती महिनाभर लेकीकडं कुंभकोणमला गेली होती, ती जानेवारी लागल्यावर आली. मला भेटायला दारात उभी, आणि हातात काय? लिंबू! मी दोन पावलं मागं उडाले.

"कां गे पोरी, भितीस कां? लिंबू आहे, विंचू नव्हे."

मी रडत रडत सगळं सांगितलं. चांदणी, लिंबं, चिमटा, मिरच्या. म्हातारी आधी ऐकत होती, मग तोंडाला पदर लावला, मग भिंतीला टेकून हसत खालीच बसली. हसून झाल्यावर मात्र गंभीर झाली.

"या मुलखांत मोठ्या माणसाकडं रिकामे हातीं जात नाहीत गे. फुलं घेतील, फळ घेतील, कांही नाहीं तर लिंबू. नाताळाचे दिवशीं दोरसानी त्यांस केक देई, धोतर-पातळ देई. चांदणी पाहून तीं तुझ्याकडं आलीं. मान घेऊन आलीं. आणि तूं मान चिमट्यांत धरून गटारांत टाकिलास?"

पैशाचा प्रश्न नव्हताच गं. दारी आलेल्याला विन्मुख धाडू नको, सांगितलं होतं आईनं. मी नुसतं विन्मुख धाडलं नव्हतं, मिरचीची धुरी देऊन धाडलं होतं. सणाच्या दिवशी, अंघोळ करून, ठेवणीतले कपडे घालून आलेल्या माणसांना.

संक्रांतीच्या सकाळी मी अंबूबाईला म्हटलं, "मला बाजारात लिंबं घेऊन द्या." तीन लिंबं. चिमटा नाही. उजव्या हातात. तुला हसू येईल, पण तेवढं धाडस मी नंतर बाळंतपणातही केलं नाही. तोंडानं रामरक्षा चालू. गल्लीच्या टोकाला मुनियम्मा झाडत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले, डावा हात कोपराला लावला आणि लिंबू पुढं केलं. ती लिंबाकडं बघत राहिली. मग माझ्या दुसऱ्या हाताकडं बघितलं.

"चिमटा कुठंय बघतेय," अंबूबाई मागून म्हणाली.

मी रिकामा हात उलटून दाखवला, कोनार भांडं दाखवायचा तसा. मुनियम्मा झाडूवर टेकून इतकी हसली, की कोनार गाय सोडून बघायला आला.

बाकीची दोन लिंबंही पोचली, आणि दुपारी तिघं आमच्या व्हरांड्यात. मी नटूनथटून तिळगुळाचं ताट पुढं आणलं आणि पहिला लाडू मुनियम्माच्या हातावर ठेवायला गेले. ती दोन पावलं मागं उडाली! अगदी माझ्यासारखी. कोनारनं हात पाठीमागं लपवले. "आता काय झालं?" मी म्हटलं. अंबूबाईनं कपाळावर हात मारला. "तीळ आहे ना त्यांत! तीळ इथं पितरांचे. खातील, पण कुणाचे हातून हातांत घेणार नाहींत. अशुभ!"

मग मात्र मीच खाली बसून हसले. त्यांचं लिंबू मला भिववतं, माझा तीळ त्यांना. शेवटी आरोग्यसामी पुढं झाला, छातीवर क्रूस काढला आणि डोळे मिटून लाडू तोंडात टाकला. सगळे श्वास रोखून बघतायत. त्यानं एक डोळा उघडला, दुसरा उघडला, आणि ओरडला, "अम्मा, पोस्ट!" म्हणजे आणखी एक दे. त्यानंतर ताट खाली कठड्यावर ठेवलं आणि बाकीच्यांनी तिथून आपल्या हातानं उचललं. कुणाच्याच देवाचा नियम मोडला नाही. मुनियम्माला आईनं दिलेला इरकली खण दिला, दोघांना पंचे. पिठाच्या डब्यामागचं पत्र मी लाडवांच्या डब्यात तळाला घातलं, तेल शोषायला.

पुढं दरवर्षी नाताळात ती चांदणी टांगली आणि दरवर्षी लिंबं आली. कळल्यावर आणखी माणसं यायला लागली, धोबी, पाववाला. त्या लिंबांचं मी लोणचं घालून बरणी कराडला धाडायची. आई लिहायची, 'लोणचं फार छान. तिकडची लिंबं रसाळ दिसतात, कुठून आणतेस?' मी लिहायची, 'घरपोच येतात.' शेवटपर्यंत तिनं ते लोणचं चाटून चाटून खाल्लं, आणि मी गप्प राहिले.

आता मी मद्रासच्याच वेलचेरीत, मुलाकडं, सातव्या मजल्यावर. तेव्हा इकडं तळं आणि भातशेती होती. दूध पिशवीतून येतं, पत्र फोनवर, आणि दारात येणारा खोकं ठेवतो, खोक्याचा फोटो काढतो आणि मी उठेपर्यंत लिफ्टमध्ये शिरतो. मग मीच लिफ्टशी जाऊन उभी राहते. सून म्हणते, "आई, तुम्ही त्यांना घाबरवता." पण लिफ्टवाली सेल्वी आता नाताळाला लिंबू घेऊन येते. मी शिकवलंय तिला. साठ वर्षांपूर्वी मला परमुलूख वाटलेल्या गावात ही रीत आता माझ्याकडून शिकायला लागते, बघ! कराड माझं घर होतं, कारण तिथं आई होती. मद्रास कधी घर झालं विचारशील, तर मी हातात लिंबू धरलं आणि कुणी पळून गेलं नाही, तेव्हा.

तेव्हा आता ऊठ त्या सोफ्यामागून. दार उघड. काय द्यायचं कळत नसलं तर त्यांनाच विचार, हसतील, हसू दे. आणि ये गं एकदा लवकर. डोळे आहेत तोवर ये, डिसेंबरात ये, चांदणी खिडकीत लावलेली असेल, खालून दिसते. मोठ्या बॅगा नकोत, चॉकलेटं नकोत. पण रिकाम्या हातानं येऊ नकोस. कोपऱ्यावरच्या दुकानातून एक लिंबू घे, डावा हात कोपराला लाव आणि बेल वाजव.