चतुराबाईच्या हातात काय होतं

वाशिमजवळच्या अनसिंगात चाळिशीच्या आत जेवढी माणसं आहेत, त्यांतल्या निम्म्यांना तरी चतुराबाईनं आपल्या पायांवर पालथं घालून न्हाऊ घातलं आहे. त्यांत दोन मास्तर आणि एक ग्रामपंचायत सदस्य येतात. ते रस्त्यात भेटले की ती अजूनही त्यांना तोंडावर सांगते, लहानपणी तुमचा आवाज सगळ्या आळीला ऐकू जायचा, आता सभेत काय होतं? बाळंतिणीची मालिश, शेक, धुरी, बाळाची टाळू भरणं. एकेका घरी चाळीस दिवस, आणि एका वेळी चार-पाच घरं. नवरा लवकर गेला, तरी तिचं कधी अडलं नाही.

करोना आला आणि हीच बाई सगळ्यांना नकोशी झाली. दहा घरं फिरणारी, म्हणून. वर्ष-सव्वा वर्ष तिला कोणी उंबरठ्याच्या आत घेतलं नाही. पोरी मोबाइलवर बघून बाळं न्हाऊ घालत होत्या आणि चतुराबाई ओट्यावर बसून त्यांच्या नावानं बोटं मोडत होती. मनातून ती घाबरलेलीही होती, पण ते तिनं कोणाला कळू दिलं नाही.

दुसरी लाट ओसरल्यावर रक्त तपासणारं पथक गावात आलं. नकळत कोणाकोणाला करोना होऊन गेला, ते त्यांना पाहायचं होतं. चतुराबाईचं घर यादीत निघालं. पंधरा दिवसांनी कळलं, की तिच्या रक्तात अँटिबॉडी आहेत. उपकेंद्रातल्या सन्मती सिस्टरनं समजावून सांगितलं, की होळीच्या सुमारास जो ताप अंगावर काढला तो बहुधा तोच, आणि अंगानं त्याच्याशी झुंजून ही राखणीची शिबंदी उभी केली. मग बोट टोचून साखर पाहिली. ती निघाली दोनशे ऐंशी. सिस्टरचा चेहराच बदलला. साठी उलटलेली, साखर एवढी, आणि लस नाही. एकदा निभावलं ते नशीब, पुन्हा झाला तर जड जाईल. अँटिबॉडी काही जन्मभराचा वायदा करत नाहीत. चतुराबाईनं त्याच दिवशी लस टोचून घेतली, गोळ्या सुरू केल्या, चहातली साखर सोडली आणि आठवडाभर सगळ्यांवर खेकसत राहिली.

गावानं यातलं अर्धंच उचललं. चतुराबाईच्या रक्तात करोनाचं औषध आहे, एवढंच. मग ती बाळाच्या अंगात तेल जिरवते तेव्हा तेलाबरोबर तेही जिरणारच, हे लोकांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. आठ दिवसांत चार घरांची बोलावणी आली. कालपर्यंत दारातून परतवणारे आता पाट मांडून बसवू लागले. खोटं कशाला बोला, चतुराबाई हरखली. तिनं आपल्या तोंडानं तसं कोणाला सांगितलं नाही, पण कोणी म्हटलं तर नाहीही म्हटलं नाही.

सगळ्यांत मोठं बोलावणं प्रयागबाईंचं. चाळीस एकरांच्या मालकीणबाई, आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांची सून ज्योत्स्ना पहिलटकरीण, सातवा महिना. चतुराबाई तिचे पाय चेपायला जाऊ लागली. पायांवर सूज होती. खोदून विचारलं तेव्हा पोरगी हळूच म्हणाली, की दिवस राहिल्यापासून साखर वाढली आहे, डॉक्टरांनी लस घ्यायला सांगितलं आहे, पण सासूबाई नको म्हणतात. पोटातल्या लेकराला कशाला त्रास, चतुराबाई आहे ना, असं त्यांचं म्हणणं.

चतुराबाई तिथून थेट उपकेंद्रात गेली आणि सिस्टरला विचारलं, तेलातून काही उतरतं का? सिस्टरला आधी हसू आलं, मग ती गंभीर झाली. हातातून काही जात नाही. बाळाला जे मिळतं ते आईकडून, पोटात असताना नाळेतून आणि पुढे दुधातून. म्हणून लस आईनं घ्यायची. पोटुशी बाई आणि वर साखर, म्हणजे तिला धोका दुप्पट.

पुढचे दोन दिवस चतुराबाई त्या घरी गेलीच नाही. गुडघा दुखतो म्हणून निरोप धाडला. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. खरं सांगितलं तर हे घर जाईल, आणि प्रयागबाईंनी तोंड उघडलं तर बाकीचीही जातील. पुन्हा तोच ओटा, पुन्हा तेच रिकामे दिवस. आणि नाही सांगितलं अन् त्या पोरीला काही झालं तर? तिसऱ्या दिवशी ती उठली आणि प्रयागबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, माह्या हातात काही नाही. जे हाये ते रक्तात, अन् ते मलेच पुरंल का नाही मालूम नाही. लेकराले भेटंल ते त्याच्या मायपासून भेटंल. ज्योत्स्नाले लस घेऊ द्या."

प्रयागबाईंनी विचारलं, "मंग इतके दिवस बोलली काहून नाही?"

"लालूच, बाई. लोकं बोलावून राह्यले होते. मले बरं वाटून राह्यलं होतं."

प्रयागबाई आत निघून गेल्या. चतुराबाई घरी आली. संध्याकाळपर्यंत आणखी दोन घरांनी उद्यापासून येऊ नको असं कळवलं. तिला मनापासून रडू आलं, आपलीच चूक म्हणून जास्तच. पाचव्या दिवशी सिस्टरकडून कळलं, की प्रयागबाई स्वतः सुनेला घेऊन आल्या होत्या आणि लस टोचून झाली. चतुराबाईला मात्र बोलावणं आलं नाही.

कोजागिरीच्या आसपास ज्योत्स्नाला वाशिमच्या दवाखान्यात मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या. चार दिवसांनी सकाळी, कोणाच्या दारी न जाणाऱ्या प्रयागबाई चतुराबाईच्या ओट्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पोरगी घरी आणली. दूध चांगली पेते, पण आंगोयीच्या वक्ताले लय रडते. चाल."

चतुराबाईला वाटलं, यांना पुन्हा कोणी काहीबाही सांगितलं असणार. "बाई, म्या तुमाले सांगतलं होतं, माह्या हातात…"

"तुह्या हातात काय नाही ते मले मालूम हाये. मास्क घाल अन् चाल."

न्हाणीत पाटावर बसून चतुराबाईनं पाय लांब केले, पोर पालथी घेतली आणि कोपर बुडवून पाण्याची ऊब पाहिली. पोर आधी किंचाळली. तिसरा तांब्या पडेपर्यंत गप्प झाली. रडत होती ती चतुराबाई, आणि प्रयागबाई पाणी काढून देत होत्या.