लाल ठिपक्याचा डबा

सर्व्हिस सेंटरमध्ये किस्से साठायला वेळ लागत नाही. लोक व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्तीला देतात आणि त्याच्या कागदी पिशवीत आपलं अख्खं घर भरून पाठवतात. आपण फक्त पिशवी उघडायची!

नोएडातल्या त्या बेसमेंटमध्ये मी दोन वर्षं होते. पुण्याहून इंजिनियर होऊन नुकतीच आले होते, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला मावशीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते, आणि सगळा देश सहा महिन्यांत सुधारेल अशी माझी खात्री होती. परदेशी कंपनी, नवीन कोरं मशीन, टाय लावलेले सेल्समन. आता हे किस्से मी हसत सांगते. तेव्हा हसू येत नव्हतं. कारण या सगळ्याच्या मधोमध एका माणसाची नोकरी टांगलेली होती, आणि ती टांगली होती मी.

*

तो माणूस म्हणजे शौकत इनामदार, आमचे सीनियर मेकॅनिक. मी त्यांना इनामदारकाका म्हणायचे. जन्म दिल्लीच्या पहाडगंजचा, शिक्षण तिथल्याच मराठी शाळेत. वीस वर्षं कापडाच्या मिलमध्ये मशीनं सांभाळली. मिल बंद पडली आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. "ही नोकरी गेली तर तिसरी मिळणार नाही, मॅडम," असं ते सहज, स्क्रू पिळता पिळता सांगायचे.

एकदा गुडगावच्या कुलकर्णीबाई धावत आल्या. कानातली कुडी मशीनने ओढली होती. काकांनी वर्तमानपत्र पसरलं, पिशवी कापली आणि पिठाच्या चाळणीने धूळ चाळायला घेतली. कुडी निघाली. तिच्याबरोबर टाइप केलेल्या कागदाचे बारीक तुकडेही निघाले. बाईंनी उगाच दोन-चार तुकडे जुळवले आणि मट्कन खुर्चीत बसल्या.

"हा यांचा राजीनामा! मंत्रालयात दिला म्हणाले होते!"

नवरा सरकारी नोकरी सोडून मल्टिनॅशनलमध्ये जाणार, म्हणून त्या गुडगावला राहायला आल्या होत्या. "अख्ख्या सोसायटीत पेढे वाटलेत हो मी!"

मी काहीतरी सांत्वनाचं बोलणार, तेवढ्यात काकांनी सगळे तुकडे पुन्हा पिशवीत भरले, पिशवी दुमडून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "ताई, मी फक्त कुडी पाहिली."

त्या गेल्यावर मला म्हणाले, "या धंद्यात एकच नियम. कुणाच्या मशीनमधून काय निघालं ते बोलायचं नाही. बिल्कुल नाही."

*

आमच्या मशीनची खरी भानगड ती पिशवीच होती. परदेशातल्या गालिच्यांवर ती महिनाभर पुरायची. इथे आजूबाजूला नवे टॉवर उठत होते, खिडकी उघडली की सिमेंट आत, आणि मे महिन्यात आंधी आली की अर्धा राजस्थान सोफ्यावर. पिशवी चार दिवसांत टम्म! ती धुवायची नाही, पुन्हा वापरायची नाही. फेकायची आणि आमच्याकडूनच नवी घ्यायची.

मी आमचे सर्व्हिस मॅनेजर खुराना साहेब यांना तावातावाने विचारलं, "सर, हा ग्राहकांवर अन्याय नाही?"

ते अगदी प्रेमाने म्हणाले, "केतकी जी, मशीन बेचना तो शादी है. घर तो बैग से चलता है!"

मग एकदा पिशव्यांचा कंटेनर बंदरातच अडकला. दीड महिना एक पिशवी नाही. फोन थांबेनात. एका गृहस्थाने तर रिकामं मशीन माझ्या टेबलावर आदळून विचारलं, "इसका क्या करूँ? इस पर फूलदान रखूँ?"

त्या दीड महिन्यात इनामदारकाकांनी डबा काढला.

मिलमध्ये हवेतला कापसाचा भुगा पकडायला मोठाले गोल पिंप असायचे. त्याचंच हे घरगुती रूप. स्टीलचा गोल डबा, नळी आणि मशीन यांच्या मध्ये. हवा डब्यात तिरकी शिरते, गरगर फिरते, आणि जड धूळ तळाला बसते. वरून निघालेली हवा मशीनमध्ये जाते. तिथे पिशवीच्या जागी चहाच्या गाळणीची जाळी आणि तिच्यावर मलमल, म्हणजे उरलीसुरली धूळ मोटरपर्यंत पोचत नाही. डबा भरला की कचऱ्यात उलटा करायचा, मलमल झटकायची. झालं! पिशवीची गरजच संपली.

मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. मशीनमध्ये बदल करणाऱ्याला कंपनी त्याच दिवशी काढते, हे नेमणुकीच्या कागदावरच छापलेलं होतं.

*

पहिला डबा मात्र स्टीलचा नव्हता. तुपाचा चौकोनी, पत्र्याचा होता. मयूर विहारच्या एका रिटायर्ड कर्नलसाहेबांकडे आम्ही दोघं तो जोडायला गेलो. मशीन सुरू झालं, धूळ डब्यात पडायला लागली. कर्नलसाहेब खूश! तेवढ्यात नळीच्या तोंडाला पडदा चिकटला.

हवा आत यायची बंद झाली. मशीन मात्र ओढतच राहिलं.

धडाम्!

डबा जागच्या जागी चेपून पापड झाला. कर्नलसाहेब आडवे, टेबलाखाली. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "बम! बम!" खालचा गार्ड शिट्टी फुंकत जिन्याने वर. मी भिंतीला टेकून उभी. पोलीस आले, तर रजिस्टरमध्ये पहिलं नाव 'शौकत इनामदार' असं लिहिलं जाईल, एवढंच माझ्या डोक्यात.

काकांनी शांतपणे मशीन बंद केलं, पडदा सोडवला, चेपलेला डबा उलटसुलट करून पाहिला.

"गोल पाहिजे," ते म्हणाले. "चौकोनी टिकत नाही."

टेबलाखालून आवाज आला, "अगली बार बता के टेस्ट करना, यार!"

*

गोल डबे टिकले. वर्षभरात साठेक घरांत गेले. त्याबद्दल काका काही घेत नसत. डबा त्या घरचाच आणि काम सुट्टीच्या दिवशी. प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला ते मुलीच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका लावायचे. त्यांचं काम, तर त्याची जबाबदारीही त्यांचीच. ठिपका असलेला डबा बिघडला, तर दुसरं कुणी हात लावायचा नाही.

प्रत्येक डब्याचं एक कार्ड त्यांच्या ड्रॉवरमध्ये असे. नाव, सेक्टर, मलमल कधी बदलली. एका कार्डावर मात्र फक्त 'गुडगाव' आणि लाल ठिपका.

"हे कुणाचं, काका?"

"आहेत एक बाई. नाव नको म्हणाल्या."

आणि मग मी ती चूक केली.

हेड ऑफिसने सूचना मागवल्या. चांगल्या कल्पनेला बक्षीस, थेट झोनल मॅनेजरच्या हातून. मला वाटलं, झालं! कंपनी परदेशी आहे, नव्या विचारांची आहे, चांगली वस्तू दिसली की उचलून धरेल. मी एका बैठकीत चार पानं लिहिली. डब्याची आकृती काढली, हवेचे बाण दाखवले. आणि दुसऱ्याची कल्पना आपल्या नावावर खपवायची नाही, हे माझं तत्त्व! म्हणून शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं: 'ही संपूर्ण रचना श्री. शौकत इनामदार यांची असून ती अनेक ग्राहकांकडे यशस्वीपणे चालू आहे.' खूण म्हणून लाल ठिपक्याचाही उल्लेख केला.

काकांना विचारलंसुद्धा नाही. त्यांना सरप्राइज द्यायचं होतं!

*

उत्तर दहा दिवसांत आलं. बक्षिसाचं नव्हतं. चौकशीचं होतं.

खुराना साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि माझीच चार पानं माझ्यासमोर ठेवली. "केतकी जी, इतनी सुंदर एफआयआर मैंने आज तक नहीं पढ़ी!"

झोनल मॅनेजर सोमवारी स्वतः येणार होते. ठिपक्याचं एक जरी मशीन पुराव्याला सापडलं, तर काका त्याच दिवशी घरी. मी काकांसमोर उभी राहिले.

"मी लिहून देते, की ही माझी कल्पना. नुसती कागदावरची."

"खोटं लिहायचं नाही," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "खरंही जरा विचारून लिहायचं असतं, मॅडम."

त्यांनी मला पहिल्यांदाच इतकं लागेल असं काही ऐकवलं. पुढचे चार दिवस मला जेवण गेलं नाही. मावशी विचारून थकली.

*

पुरावा शोधायला खुराना मलाच घेऊन निघाले. कार्डांचा ड्रॉवर रिकामा होता. काकांनी कार्डं कुठे ठेवली ते मी विचारलं नाही. मग जुन्या तक्रारींच्या यादीवरून घरोघर. पण बातमी आमच्या आधी पोचली होती! जिथे जाऊ तिथे मशीन 'बहिणीकडे' गेलेलं. एकाच दुपारी नोएडातल्या अकरा घरांची बहीण!

सेक्टर एकोणतीसमध्ये एका सरदारनी आजींनी दार उघडलं. मशीन कोपऱ्यात, त्याच्याशेजारी गोल स्टीलचा डबा.

खुरानांनी विचारलं, "माताजी, ये डब्बा?"

"आटे दा है, पुत्तर."

"खोलिए ज़रा."

आजींनी झाकण उचललं आणि चटकन छातीशी धरलं. आत खरोखर कणीक! काठोकाठ! खुरानांनी बोट घालून पाहिलं. बोट पांढरं. डब्याच्या बाजूला नळीचं भोक होतं, त्यावर आजींनी देवाचं स्टिकर चिकटवलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत त्या स्टिकरच्या कडेने पीठ गळायला लागलं. आधी कणभर, मग बारीक धार.

मी पुढे झाले आणि धारेवर पाय ठेवून उभी राहिले.

"चलें, सर?"

जिन्यात खुराना बोट पुसत म्हणाले, "इतने आटे की रोटी कौन खाता है, केतकी जी? अकेली औरत!" ते हसले का, हे मला आजही सांगता येणार नाही.

*

सोमवार. झोनल मॅनेजर साहेब फाइल उघडून बसले होते. उंच, इस्त्रीचे, घड्याळ बघून बोलणारे. एका बाजूला खुराना, एका बाजूला मी. समोर इनामदारकाका, उभे. त्यांनी मिलच्या काळातला कोट घातला होता. बाह्या आखूड झालेल्या.

"इनामदार, हे तुमचं काम आहे?" साहेबांनी हिंदीत विचारलं आणि माझी आकृती पुढे केली.

"हो, साहेब."

"किती मशीनं?"

"मोजली नाहीत."

"कुणाकुणाची?"

काकांनी आकृतीचा कागद परत टेबलावर ठेवला.

"नावं द्या. फक्त वॉर्निंग देऊन सोडतो. नाही दिलीत, तर आजचा शेवटचा दिवस."

मी मनात म्हणत होते, द्या ना काका, एक तरी नाव द्या! ते फक्त म्हणाले, "साहेब, कुणाच्या मशीनमध्ये काय आहे ते मी बोलत नाही."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, हात थांबला. जाता जाता आम्हाला एक धडा द्यावा, असं वाटलं असावं. ते आमच्याकडे वळले. "प्रॉब्लेम बैग में नहीं, इस्तेमाल करने वालों में है. गुड़गाँव में मेरे घर में यही मशीन है. दो साल से. एक शिकायत नहीं! आज साथ लाया हूँ, सबको दिखाने के लिए." त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. "मशीन लाओ, गाड़ी से!"

ड्रायव्हर आला. उजव्या हातात मशीन. डाव्या काखेत गोल स्टीलचा डबा.

"ये क्या है?"

"पता नहीं, साब. मेमसाब बोलीं, ये भी साथ जाएगा. इसके बिना चलता नहीं."

साहेबांनी डबा टेबलावर घेतला. झाकण उघडलं. उलटं केलं. बघत राहिले.

मी काकांकडे पाहिलं. काका खिडकीकडे बघत होते.

साहेबांनी झाकण हळूच परत बसवलं, पेनला टोपण लावलं, फाइल मिटली. मग घसा साफ करून, कुणाकडेच न बघता विचारलं, "इनामदार... ये मलमल कितने दिन में बदलनी होती है?"

"पंधरा दिन, साब," काका म्हणाले. "मेमसाब को मालूम है."