भोपळ्याचा पहिला काप

भोपळा समोर ठेवला की काका आधी बोट वाकवून त्याच्यावर टकटक करायचे, मग वाकून कान लावायचे. आत कुणीतरी राहतंय आणि दार उघडायला उशीर करतंय, असा चेहरा असायचा. मग तळहात भोपळ्यावर ठेवून विचारायचे, "काय राजे, निघायचं ना?" भोपळ्याने हरकत घेतली नाही की सुरी उचलायचे.

देठाच्या कडेने एकच काप, थेट खालपर्यंत. दोन फाका बाजूला झाल्या की सुरीची मूठ माझ्याकडे करून म्हणायचे, "माझं झालं. आता पुढचं तुमचं राज्य."

अख्खा भोपळा बाईने कापायचा नाही, पहिला काप पुरुषाचा, ही रीत तुम्हाला ठाऊक असेलच. का, ते कुणी धड सांगत नाही. भोपळा थोरल्या लेकासारखा, असं कुणी म्हणतं, कुणी नुसतंच 'नसतं कापायचं' म्हणून गप्प बसतं. घरातला पुरुष कामावर गेलेला असेल तर शेजारच्याला हाक मारतात. नांदेडच्या आमच्या गल्लीत ती हाक या काकांना जायची.

ते रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, बायको गेलेली, एकुलती एक मुलगी लातूरला दिलेली. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत एकटे राहायचे. दोरीवरचे कपडेसुद्धा चिमटे लावून एका रांगेत असायचे. आणि माणूस मानी किती! सणाला कुणी ताट पाठवलं तर दुसऱ्या दिवशी ते घासूनपुसून, वर चार पेरू नाहीतर डझनभर केळी ठेवून परत यायचं. "रिकामं ताट धाडायचं न्हाई, सूनबाई." शेवटी ताट पाठवणाऱ्यालाच ओशाळं व्हायचं, आणि ताटं पाठवणं बंद झालं.

मी घरी केक आणि ब्रेड करून विकते. नवऱ्याची नोकरी फिरतीची, आठवड्यातले चार दिवस तो बाहेर. घरात मी आणि सासूबाई. सासूबाई चाकूरच्या. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात अंड्याचं नाव कोण काढणार? माझं सगळं भाजणं दह्यावर आणि सोड्यावर चालतं.

त्या वर्षी दिरांनी चाकूरच्या शेतातले नऊ भोपळे जीपमध्ये टाकून पाठवले. भाजी झाली, भरीत झालं, घारगे झाले, तरी पाच उरले. मग मी भोपळ्याचा ब्रेड करायचं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, "भाऊजींना बोलव आधी." काकांना त्या भाऊजी म्हणायच्या.

पहिला ब्रेड वरून देखणा फुगला आणि आतून गिच्च राहिला. त्यांनी बशीतला तुकडा पूर्ण संपवला. "चांगला हाय. जरा ओला हाय, पण चांगला हाय."

"भाऊजी, खोटं नका बोलू," सासूबाई म्हणाल्या. "शिऱ्याची वडी झालीय."

ते खो खो हसले. मग जरा वेळाने, माझा अपमान होऊ नये अशा बेताने म्हणाले, "आमची मंडळी घारगे करायची तवा भोपळ्याचा किस आधी कढईत आटवून घ्यायची. पाणी हाय तवर पिठाला हात लावायचा न्हाई, म्हणायची."

दुसऱ्या वेळी मी फाका ओव्हनमध्ये साल काळपट होईपर्यंत भाजल्या, चमच्याने गर खरवडला आणि कढईत मंद आचेवर हलवत बसले. गर कडा सोडायला लागला तेव्हा थांबले. मग गूळ, दही, तेल, अर्धं गव्हाचं पीठ, अर्धा मैदा, सुंठ, जायफळ, आणि वरून त्याच भोपळ्याच्या सोललेल्या बिया. ते स्टूल घेऊन ओव्हनच्या काचेसमोर बसले. मी दार उघडायला गेले की हात आडवा करायचे, "थांबा सूनबाई. सिग्नल पडला न्हाई अजून." काडी घालून पाहिली, कोरडी निघाली, तेव्हाच म्हणाले, "पडला."

तो ब्रेड कापला तेव्हा आतून केशरी, हलका, ओलसर पण चिकट नाही. सासूबाईंनी दोन तुकडे घेतले, यातच सगळं आलं. कॉलेजच्या बाया, रेल्वे क्वार्टरमधली घरं, सगळीकडून मागणी यायला लागली. आठवड्याला तीन-चार भोपळे लागायचे आणि दर भोपळ्याला काका हजर असायचे.

आमच्याकडेच असं नाही. समोरच्या मास्तरीणबाई, त्यांच्या पलीकडच्या किराणावाल्या वहिनी, कोपऱ्यावरच्या आजी, आज या घरी भोपळा तर उद्या त्या घरी. एवढा भोपळा ही गल्ली खाते तरी कशी, याचं मला नवल वाटायचं. काप झाला की त्यांना सोडत नसत. 'बसा की, भाजी टाकलीच आहे, चव बघून जा,' म्हणत. भाजीबरोबर भाकरी यायची, भाकरीबरोबर वरण. ते संकोचत, पण जेवत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला मान मिरवायला आवडतो. मी स्वतःला फार हुशार समजते, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

ऑर्डरी मिळाव्यात म्हणून मी फोनवर माझ्या ब्रेडचे व्हिडिओ टाकत असे. एके दिवशी त्यांना म्हटलं, "काका, उद्या तुमचा व्हिडिओ करायचाय." दुसऱ्या दिवशी ते दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी त्यांचं टकटक करणं टिपलं, कान लावणं टिपलं, 'काय राजे' टिपलं, काप टिपला. ते गेल्यावर दुसरा भोपळा घेऊन मी स्वतः एका दमात कापला आणि फोनकडे बघून भुवई उडवली. दोन्ही जोडलं. वर अक्षरं टाकली, 'भोपळा कापायला पुरुष कशाला हवा?' मागे गाणं लावलं. आणि ते भोपळ्याला कान लावतात तिथे हसण्याचा आवाज घातला. तो आवाज मी सात-आठ आवाज ऐकून निवडला होता. हे लिहिताना माझे कान गरम होताहेत.

माझा मुद्दा बरोबर होता. आजही बरोबर आहे. बाईने भोपळा कापला तर काही बिघडत नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्या हसण्याच्या आवाजाची.

व्हिडिओ भराभर पसरला. लोकांनी खाली लिहिलं, 'आजोबा, भोपळ्याला ताप आहे का?' 'भोपळा काय म्हणून राहिला, आम्हालाही सांगा.' मी प्रत्येकाला हसरे चेहरे पाठवत होते. मास्तरीणबाईंच्या सुनेने स्वतः भोपळा कापून मला फोटो पाठवला. गल्लीत मी मोठी सुधारणा घडवून आणली, अशा थाटात मी आठ दिवस वावरले.

काका एकदा फाटकाशी भेटले. "बघितलं का लोकांनी?"

"खूप लोकांनी बघितलं, काका."

"हसले म्हणं."

"चांगल्या अर्थाने हो."

"मंग चांगलं हाय. हसू द्या," म्हणाले आणि निघून गेले.

महिन्याभरात त्यांना हाका यायच्या थांबल्या. तरुण बाया आपापलं कापू लागल्या, आणि म्हाताऱ्या बायांना आपणही कुणाच्या फोनमध्ये जाऊ, अशी भीती वाटू लागली. ते किराणा दुकानातून टोस्टचा पुडा घेऊन जाताना दिसायचे. एकदा दिसले, दोनदा दिसले, रोजच दिसायला लागले. मला त्याचा थोडा रागच आला होता. माझा ब्रेड सोडून हे दुकानातले टोस्ट काय खातात!

एका संध्याकाळी सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "बघा आई, आता आपल्या गल्लीत भोपळा कापायला कुणालाच पुरुषाची गरज उरली नाही."

"गरज कवा होती?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अगं, चाकूरला मळ्यात मी एकटी दिवसाला पंधरा-वीस भोपळे फोडायची. बी काढायला, ढोरांना घालायला. तिथं कुठला पुरुष बोलवू?" त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "भाऊजींना जेवायला बोलावलं तर येत न्हाईत. कापायला बोलावलं की येतात. मंग जेवूनच जातात. समद्या बाया मिळून करून राहिल्या होत्या हे. एवढं शिकलीस अन् तुला दिसलं न्हाई?"

"मला आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"असलं सांगत असतात का? त्यांच्या कानावर गेलं असतं म्हंजे?"

त्या रीतीला मी एकटीच खरं मानत होते. गल्लीतल्या अंगठा उठवणाऱ्या आजींपासून सगळ्यांना ती खोटी आहे हे ठाऊक होतं आणि ती कशासाठी चालवायची हेही ठाऊक होतं. टोस्टचा तो पुडा माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मी अख्खा भोपळा कडेवर घेऊन त्यांच्या दारात गेले. "काका, जरा पहिला काप देता का?"

त्यांनी भोपळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला येतंय की, सूनबाई. मी बघितलं न्हवं का! लई बेस कापला तुम्ही." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"पण सासूबाईंना चालत नाही ना," मी खोटं बोलले.

"वैनींना चालतं," ते हळूच म्हणाले. मग दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "माझं जेवण झालंय."

जेवणाचं मी नावही काढलं नव्हतं. म्हणजे त्यांनाही सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. बायांनी त्यांचा मान ठेवला होता आणि त्यांनी बायांचा. मी भोपळा घेऊन गल्लीतून परत आले तेव्हा दोन्ही बाजूंच्या दारांत बाया उभ्या होत्या.

दिवाळीनंतर मुलगी त्यांना लातूरला घेऊन गेली. निघताना घरोघर जाऊन सांगून गेले. आमच्याकडे सासूबाईंशी बराच वेळ बोलले, माझ्याकडे पाहून हसले. पुढे एकदा मी फोन केला तर म्हणाले, "इथं समदं टायमावर हाय." माफी मागायची म्हणून मी फोन केला होता. हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि ठेवून दिला.

उन्हाळ्यात ते गेल्याची बातमी आली. नांदेडहून लातूर काही परदेश नाही, सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. मी ऑर्डरी असल्याचं कारण सांगितलं. खरं म्हणजे मला तोंड नव्हतं.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी खोल्या रिकाम्या करायला आली. मी एक ब्रेड कागदात गुंडाळून घेऊन गेले. भांडी पोत्यात भरून झाली होती. नाव सांगायच्या आधीच तिने ओळखलं.

"भोपळ्याच्या ब्रेडवाल्या ताई ना तुम्ही? बाबा तुमचा व्हिडिओ येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दाखवायचे."

मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

"शेवटी मी बोललोय, ते ऐका, म्हणायचे. आम्ही शेवटपर्यंत बघायचो, पण त्यांचं बोलणं काही यायचंच नाही. ते म्हणायचे, थांबा, यील आता. पुन्हा लावायला सांगायचे." तिने हात पदराला पुसले. "ताई, तुमच्याकडे असेल का हो ते? वरून गाणं आहे ना, बाबांचा आवाज ऐकूच येत नाही. आणि आमच्याकडे त्यांचा आवाज दुसरा कुठेच नाही."

होतं माझ्याकडे. मूळ चित्रण मी पुसलं नव्हतं. मी फोन काढला आणि लावून दिलं.

काप झाला. फाका बाजूला झाल्या. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, फोनकडे तोंड केलं आणि पाठ करून आलेल्या शुद्ध मराठीत बोलू लागले. "नमस्कार. या आमच्या शेजारच्या सूनबाई. यांचा भोपळ्याचा ब्रेड अतिशय उत्तम असतो. मी स्वतः खातो. आपण सर्वांनी अवश्य घ्यावा, ही विनंती." मग क्षणभर थांबून, नेहमीच्या आवाजात, "बरं बोललो का, सूनबाई?"

आणि फोनच्या मागून माझा आवाज, "हो काका, मस्त!"

त्यांच्या त्या बोलण्याने माझी गंमत मोडत होती, म्हणून तेवढा भाग मी काढून टाकला होता.

मुलीने ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना ती रडता रडता हसायला लागली. माझा हात धरून म्हणाली, "बघा! मी बाबांना सांगतच होते, फोनमध्येच कुठेतरी अडकलं असणार. तसंच झालं असेल ना, ताई?"

मी 'हो' म्हणाले.