क्लचवरचा पाय

कळंबच्या रस्त्याला आमची दोन गॅरेजं समोरासमोर आहेत. समोरचा मेकॅनिक शटर उघडताना गुणगुणतो, मला तेही सहन होत नाही. बोलता बोलता तो मधेच थांबतो आणि गिऱ्हाईक मान पुढं करून उरलेल्या शब्दाची वाट बघतं. माझं पूर्ण वाक्यसुद्धा कुणी ऐकून घेत नाही.

परवा बेंबळीचे एक बागायतदार त्यांची जुनी, दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार घेऊन माझ्याकडं आले. गाडी खालून किरकिरत होती. मी म्हणालो, "गिअर झिजलेत. गिअरबॉक्स उतरवावा लागंल." त्यांना पटलं नसावं. गाडी सरळ समोर गेली, मागोमाग मीही.

त्यानं क्लच दाबला, आवाज वाढला. सोडला, आवाज गेला.

"मालक, वरातीला देता व्हय गाडी?"

"देतो की. लई मागणी हाय."

"म्हंजी बँडच्या मागं मुंगीच्या चालीनं, अन् पाय सारखा..." तो थांबला. मालक पुढं वाकले. "...क्लचवर. क्लचचं बेअरिंग गेलंय. गिअर चांगले हायत."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली.

तेवढ्यात तोच म्हणाला, "पर वस्ताद बरोबर बोलले. गिअरबॉक्स उतरवल्याबिगर त्या बेअरिंगला हातच लागत न्हाय. त्यांच्याकडंच करा."

आता गाडी माझ्या दारात उभी आहे आणि समोरून गुणगुणणं ऐकू येतंय. माणूस निदान थोडा कपटी तरी असायला हवा होता. नीट जळता तरी आलं असतं.