नळाला पाणी असूनही हापशीवर

टाळेबंदीत ऑफिस घरात शिरलं ते परत गेलंच नाही. मी दिवसाचे दहा तास लॅपटॉपकडे बघायचो आणि थकवा घालवायला मोबाइलकडे. शेवटी मान उजवीकडे वळेना. डॉक्टर म्हणाले, "व्यायाम करा." आमच्या अधारताल भागातल्या एका जिममध्ये नाव घातलं. तिथे पळायच्या मशीनसमोरही टीव्ही. चौथ्या दिवशी मी घरच्याच खुर्चीवर परत आलो.

मग ऐन मे महिन्यात आमच्या बोअरची मोटर जळली. मिस्त्री म्हणाला, "भैया, आठ दिन तो लगेंगे." बायको शाळेत शिकवते, ती सुट्टीत माहेरी नागपूरला गेलेली. म्हणजे गल्लीच्या टोकाची हापशी आणि मी.

पहिली बादली अर्धी भरली आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मागे शेजारच्या मावशी कळशी घेऊन उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या भंडाऱ्याच्या. घरी नळ आहे, पण प्यायला हापशीचंच पाणी लागतं.

"काहून रे, सकाळी जेवला नाही का? दांडा पुरा खाली आण. गोंजारून काय राहिला त्याले?"

तिसऱ्या दिवसापासून मी त्यांचीही कळशी भरू लागलो. पुण्य वगैरे काही नाही, त्यांच्या सूचना ऐकत उभं राहण्यापेक्षा हापसणं सोपं होतं. आठव्या दिवशी मोटर सुरू झाली आणि मला चक्क वाईट वाटलं. मान वळत होती, झोप लागत होती, सकाळी तासभर मोबाइल कुठे पडलाय याची आठवणही नसायची.

नवव्या दिवशी बादली घेऊन निघालो, तोवर बायको परतली होती.

"नळाला पाणी आहे ना? काहून चालले?"

"मावशींची कळशी भरायची आहे."

"घरची भांडी घासायला सांगितली की पाठ दुखते तुमची!"

मी बादली उचलून चालायला लागलो.

मावशींनीही विचारलं, "मोटर पुन्हा जळली का?"

"नाही मावशी. हापसलं की बरं वाटतं."

त्यांनी कळशी माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाल्या, "अच्छा! चलो, मग आमच्या पेरूलेही पाणी लागते."

पेरूला रोज चार बादल्या लागतात. वजन मात्र जराही उतरलं नाही, कारण बादल्या झाल्या की मावशी ओट्यावर बसवून भाकर आणि ठेचा वाढतात, आणि त्यांना पुरे म्हणायची माझ्यात हिंमत नाही.